तारेवरचे प्रश्न : ह्यूस्टनचा जॉनी आणि सोलापूरची सुपारी

गेल्या महिन्यात गिटारच्या तारा कधी बदलाव्यात हे सांगताना मी एका ओळीत जॉनी 'गिटार' वॉटसनचं नाव घेतलं होतं. तारांबद्दल तीन पत्रं आली, त्या एका ओळीबद्दल ढीगभर. म्हणून या वेळी पेटीचा भाता, ढोलकीची शाई, तंबोऱ्याची जवारी असे बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. त्या मंडळींनी रागवू नये, पुढच्या अंकात त्यांचा नंबर पहिला.

मास्तर, हा वॉटसन नेमका कोण? शोधलं तर कुठे त्याला ब्लूजवाला म्हटलंय, कुठे फंकवाला. एका फोटोत साधा कोट-टाय, दुसऱ्यात रुंद कडांची टोपी, गॉगल आणि सोन्याचे दात. हा एकच माणूस आहे का? — एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

एकच आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सुख-दुःखाचं जुनं गाणं, फंक म्हणजे त्यांचंच पुढच्या काळातलं नाचाच्या ठेक्याचं संगीत. हा 3 फेब्रुवारी 1935 ला अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला जन्मला. वडील पियानो वाजवायचे, पहिले धडे त्यांचेच. गिटार मिळाली आजोबांकडून. आजोबा पडले धर्मोपदेशक. त्यांनी गिटार देताना अट घातली, हिच्यावर ब्लूज वाजवायचा नाही, ते सैतानाचं संगीत. नातवानं मान डोलावली आणि पहिल्यांदा तेच वाजवलं. माझ्या मामानं मला बुलबुल तरंग दिलं तेव्हा 'यावर भजनंच वाजवायची' असं बजावलं होतं. आठवड्याभरात मी त्यावर सिनेमाची गाणी काढत होतो. तेव्हा आजोबांबद्दल मला सहानुभूती आहे, पण नातवाचं बरोबर होतं.

आई-वडील वेगळे झाले आणि हा 15 व्या वर्षी लॉस एंजेलिसला आला. तिथं आधी चक हिगिन्सच्या बँडमध्ये पियानोवर बसला. 1953 पासून 'यंग जॉन वॉटसन' या नावानं त्याच्या स्वतःच्या तबकड्या निघू लागल्या. गिटारमध्ये त्याचे आदर्श दोन, टी-बोन वॉकर आणि क्लॅरेन्स 'गेटमाउथ' ब्राउन. दोघेही टेक्सासकडचेच. म्हणजे घराणं एकच म्हणा ना.

1954 ला त्यानं 'स्पेस गिटार' नावाचा एक तुकडा वाजवला. गाणं नाही, नुसती गिटार. त्यात सूर मधेच विहिरीत पडल्यासारखा घुमतो आणि दुसऱ्या क्षणी कोरडा ठाक होऊन कानाशी येतो. रिव्हर्बचा, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या यंत्राचा, खटका कोणीतरी खोडकर पोरानं खाली-वर करावा तसं. फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरल्यावर उठणारी, किंकाळीसुद्धा आहे. असल्याच करामतींसाठी पुढे जगभर गाजलेला गिटारवाला जिमी हेंड्रिक्स त्या वर्षी 11 वर्षांचा होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. तबकडी मात्र चालली नाही. लोकांना कळायच्या आधी आलेली वस्तू बाजारात पडूनच राहते.

त्याच साली 'जॉनी गिटार' नावाचा एक वेस्टर्न सिनेमा आला आणि पोरानं ते नाव उचललं. मग 1955 मध्ये 'दोज लोनली, लोनली नाईट्स' चाललं, 1962 मध्ये व्हायोलिनच्या ताफ्यासह 'कटिन इन' चाललं. त्यानंतर चक्क पियानोवर जॅझची एक तबकडी केली. 1960च्या दशकात लॅरी विल्यम्स नावाच्या गायकाबरोबर जोडी जमवली, दोघं इंग्लंडचा दौरा करून आले. एटा जेम्ससारखी गायिका जाहीरपणे सांगायची की गाण्याची ढब मी याच्याकडून घेतली. रॉकमधला नावाजलेला गिटारवाला फ्रँक झॅपा म्हणायचा, याचं 1956 चं एक गाणं ऐकून मी गिटारकडे वळलो. एवढं सगळं असून हा चाळिशीपर्यंत दुसऱ्या फळीतलाच. टोपी आणि सोन्याचे दात हे 1970 नंतरचं प्रकरण, फंकचं. ते पुढे येईल.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. 'गँगस्टर ऑफ लव्ह' हे त्यानं स्वतः लिहिलेलं गाणं. ते त्यानं 1957 ला रेकॉर्ड केलं, 1963 ला पुन्हा केलं आणि 1978 ला तिसऱ्यांदा. मधे 1968 ला स्टीव्ह मिलरच्या बँडनंही गायलं. वॉटसनची तिन्ही रूपं एका बैठकीत ऐक. ठेका बदललाय, बास बदललाय, मागचे सूर बदललेत. पण तो गातो कसा? कट्ट्यावर बसून बढाया मारणारा माणूस बोलतो तसा. आणि एक वाक्य बोलून झालं की गप्प होतो. त्याची गिटारही तशीच. चार सूर, मग गप्प. त्या गप्प बसण्यात बाकीचे वाजवतात. ब्लूजमध्येही तेच आणि फंकमध्येही तेच. म्हणून मला हे दोन डबे करून त्यात माणूस वाटून टाकणं पटत नाही.

आमचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. माझा मुलगा म्हणतो, फंक म्हणजे आपल्या लूमचाच आवाज. खरं आहे का? — एक यंत्रमागवाले, अशोक चौक

शेठ, मुलगा हुशार आहे, पण नाही.

माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. भोंग्यावर जेवणारं घर आमचं. त्यांना डबा द्यायला गेलो की खात्याच्या दारात उभा राहायचो. मलाही लहानपणी वाटायचं की केवढा ठेका आहे हा! पण दारात पाच मिनिटं उभं राहून नीट ऐका. धोटा डावीकडून उजवीकडे, फणी ठोकली. उजवीकडून डावीकडे, फणी ठोकली. दोन्ही ठोके सारखेच. लूम जरा झिजलेला असेल तर एका बाजूचा ठोका किंचित लंगडा, तेवढाच काय तो रस. आणि तुमच्या शेडमध्ये चोवीस लूम असतील तर चोवीस जणांचं चोवीस दिशांना. त्यात सम कुठे आहे?

फंकचं सगळं दुकान समेवर. आपण तबल्यात 'धा'वर येतो ना, तसं ते पहिल्या मात्रेवर येतात. फंकचा बापमाणूस जेम्स ब्राउन आपल्या वादकांना तेच ठोकून ठोकून सांगायचा, पहिली मात्रा द्या, मधे काय वाटेल ते करा. मधल्या जागेत गिटार 'चिक-चिक' करते, डाव्या हातानं तारा नुसत्या झाकून, सूर न काढता. बास दोन सूर बोलतो आणि तिसरा गिळतो. पण पहिली मात्रा आली की सगळे एका उंबरठ्यावर. आपल्याकडे आवर्तन संपवून समेवर येणारा गायक आणि मान टाकणारा श्रोता आठवा. फक्त इथं आवर्तन चारच मात्रांचं आहे आणि मान दर दोन सेकंदांनी पडते. म्हणून तर लोक नाचतात.

वॉटसनचा फंक त्यातही सावकाश. घाई नाही. गड्ड्याच्या जत्रेत रात्री अकरा वाजता पाळण्यांची गर्दी ओसरल्यावर माणूस जसा रमत-गमत चालतो, तशी चाल. मुलाला म्हणावं, लूमला समेवर आणून दाखव, मग मी येऊन ऐकतो. चहा मात्र तुमच्याकडचा.

मी पिक न वापरता अंगठ्यानं वाजवतो. क्लासमधले सर ओरडतात. तारापण तुटतात. काय करू? — नवीन शिकणारा, विडी घरकुल

वॉटसन पिक, म्हणजे तार छेडायची ती चपटी कपची, वापरत नव्हता. उजव्या हाताची बोटं आणि अंगठा. तार नुसती छेडायचा नाही, उचलून लाकडावर आपटायचा, म्हणून त्याचा सूर चापट मारल्यासारखा येतो. त्याच्याही तारांचा निकाल लागायचा, एकाच कार्यक्रमात एक-दोनदा बदलाव्या लागत. तेव्हा तू चुकत नाहीस, पण तारांचे पैसे घरून माग. आणि सर जे पिकनं शिकवतात तेही शीक, त्यांच्याशी भांडू नकोस.

इथं माझी एक फजिती सांगतो, तुला उपयोगी पडेल. 1986 साली माझ्या मेहुण्यानं मुंबईहून चोर बाजारातून मला एक एलपी आणून दिली. 'अ रिअल मदर फॉर या', वॉटसनची 1977 ची. कव्हर उंदरानं कुरतडलेलं. पहिल्याच गाण्यात एक ओरखडा होता. सुई तिथं आली की 'टक्' करून किंचित पुढे उडी मारायची. मी त्या एलपीवरून गिटारचा तो तुकडा बसवला. सुई उचलायची, मागे ठेवायची, ऐकायचं, वाजवायचं. सहा महिने. शेजारीण म्हणायची, "ह्यांच्याकडे रोज एकच माणूस येऊन शिंकतोय."

गणपतीत नवी पेठेत आमचा कार्यक्रम होता. एका सिनेमाच्या गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये मी गुपचूप तो तुकडा घातला. दुसऱ्या फेरीला ड्रमवाला थांबला. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बे, मात्रा खाल्लीस की!" मी म्हटलं, अमेरिकेत असंच वाजवतात. तो म्हणाला, मग अमेरिकेत जा. आमचं भांडण झालं. माझ्या दृष्टीनं अडाणी तोच होता. मग 23 वर्षांनी भाच्यानं मोबाईलवर तेच गाणं लावलं. ओरखडा नसलेलं. साडेतीन मात्रांऐवजी तिथं चांगल्या चार मात्रा होत्या. मी सुईची उडी पाठ केली होती.

ड्रमवाल्याला फोन केला. त्यानं आधी मनसोक्त हसून घेतलं, मग म्हणाला, "आता तरी कबूल केलंस." बोटांपेक्षा कान आधी तपास, एवढंच.

आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्न, हळद, वाढदिवस, मंडळं. आता पार्ट्या म्हणतात की दोन गायक आणि एक लॅपटॉप आणा, आठ जणांची नाईट परवडत नाही. सुपारी हातची जाते. कोणाला कमी करू? — एक ऑर्केस्ट्रावाले, अक्कलकोट रोड

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा जणांच्या ऑर्केस्ट्रात मी सतरा वर्षं काढलीत, त्यामुळे हा क्रम मला पाठ आहे. कीबोर्डमध्ये रिदम आला आणि आधी ढोलकवाला गेला. मग बोंगो-कोंगो. मग अॅकॉर्डियनवाले काका, ज्यांच्या नावावर लोक यायचे. मग बास, कारण कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला काम नव्हतं. मग मी.

वॉटसनकडून यात शिकण्यासारखं काही आहे का? आहे, पण उलटं. 1976 ला त्यानं डीजेएम या इंग्लिश कंपनीशी करार केला. त्या वर्षी 'एन्ट दॅट अ बिच' आणि पुढच्या वर्षी माझी ती ओरखडेवाली 'अ रिअल मदर फॉर या', दोन्ही अमेरिकेत गोल्ड झाल्या, म्हणजे 5 लाखांवर खपल्या. त्याचं वय तेव्हा 41-42. बघा, पहिली तबकडी काढल्याला 23 वर्षं झालेली. या काळात त्यानं काय केलं? गाणी स्वतः लिहिली, स्वतः गायली, गिटार स्वतःची, बास स्वतःचा, कीबोर्ड स्वतःचा, निर्मिती स्वतःची. खर्च वाचला, डोकंही एक राहिलं. पण दोन गोष्टी त्यानं दुसऱ्यांच्या हातात दिल्या, ड्रम आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकायची वाद्यं. ड्रमवर एमरी थॉमस बसायचा. खरा माणूस, खरी टिपरी.

आपण नेमकं उलटं करतो. सगळ्यात आधी तालवाल्याला घरी पाठवतो, कारण मशीन सगळ्यात सोपी त्याचीच नक्कल करतं. माझं मत विचाराल तर तालवाला सगळ्यात शेवटी जावा. सूर लॅपटॉपमधून येऊ द्या, हरकत नाही, हळदीत कोण व्हायोलिन मोजतंय? पण नवरदेवाची आत्या नाचायला उतरली की ठेका तिच्या पायाकडे बघून अर्धा श्वास थांबला पाहिजे. लॅपटॉप आत्याकडे बघत नाही.

ढोलकवाल्याला कमी केल्यावर तिसऱ्याच कार्यक्रमाला आमची लाईट गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला. कीबोर्ड मुका, गिटार मुकी. ढोलक असती तर वीस मिनिटं लावण्यांवर काढली असती. अनाउन्सरनं विनोद सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटांत त्याचे विनोद संपले, मग त्यानं तेच पुन्हा सांगितले. मंडळानं बिदागीतून पाव हिस्सा कापला. मला राग आला होता, पण त्यांच्या जागी मीही कापला असता.

तेव्हा माझा हिशेब असा. दोन गायक, ढोलक-ढोलकी वाजवणारा एक, ऑक्टोपॅड एक, आणि कीबोर्डवाला एक जो लॅपटॉपही सांभाळेल. पाच. उरलेल्या तिघांना मोठ्या सुपारीला बोलवा आणि तसं आधीच तोंडावर सांगा. न सांगता फोन बंद करणं फार वाईट. तो फोन न आलेला माणूस मी होतो.

मुलगा वॉटसनची गाणी लावतो. नावं वाचून मला लाज वाटली. लावू द्यावीत का? — एक आई, होटगी रोड

ताई, नावं शिवराळ आहेत हे कबूल. पण ज्या नावानं तुम्ही दचकलात, त्या 'एन्ट दॅट अ बिच'मध्ये माणूस रडतोय कशाबद्दल? आठवडाभर घाम गाळूनही पगार पुरत नाही, म्हणून. आपल्या बाजारात भाजीवाल्यासमोर उभं राहून आपणही तेच म्हणतो, शब्द जरा सभ्य असतात इतकंच. 'टेलिफोन बिल' नावाचं त्याचं 1980 चं गाणं लावायला सांगा. वाढलेल्या बिलावरून तो सुरात न गाता भराभर बडबडत सुटतो. पुढे रॅपवाल्या पोरांनी त्याच्या तबकड्यांतून तुकडे उचलले ते उगीच नाही. तुमच्या मुलाला तो तिथूनच सापडला असणार.

हेंड्रिक्सच्या आधी वॉटसन गिटार दातांनी, पाठीमागे धरून वाजवायचा म्हणतात. खरं की थापा? — एक रसिक, साखर पेठ

तो स्वतः सांगायचा की आपण हातांवर उलटे उभे राहून वाजवत होतो आणि गिटारची केबल 150 फुटांची होती, प्रेक्षागृहात कुठंही चढता यायचं. बढाया मारणं हा त्याच्या गाण्याचाच भाग होता, त्यामुळे थोडं वजा करा. पण केबलवर माझा विश्वास आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात मी 15 फुटांच्या केबलनं पुढे प्रेक्षकांकडे निघालो होतो. चौथ्या पावलाला जॅक निघाला आणि अँपलीतून असा आवाज आला की पहिल्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. त्या दिवसापासून लांब केबलचं महत्त्व मला कोणी सांगावं लागत नाही.

तो स्टेजवरच गेला हे खरं का? आमच्यात म्हणतात, कलाकाराला असंच मरण यावं. — एक निवृत्त ट्रम्पेटवादक, दाजी पेठ

खरं आहे. 1980 नंतर तो बराच मागे पडला होता. 1994 ला 'बाऊ वाऊ' घेऊन परत आला, ग्रॅमीचं नामांकन मिळालं, दौरे सुरू झाले. त्यातच 17 मे 1996 ला जपानमध्ये योकोहामाला, कार्यक्रम चालू असताना कोसळला. हृदयविकार. वय 61.

काका, 'असंच मरण यावं' हे मात्र मला मंजूर नाही. मागे उभे असलेल्या वादकांचा विचार करा. गाण्याच्या मधोमध म्होरक्या खाली पडला. वाजवत राहायचं की थांबायचं, हे सांगणारा तोच होता. तुम्ही ब्रासमध्ये चाळीस वर्षं काढलीत, तुमचा श्वास अजून चांगला आहे असं ऐकतो. बीपीची गोळी घेता ना?

सुरुवात कुठून करावी? वेळ कमी असतो. — एक नोकरदार, सात रस्ता

आधी 'स्पेस गिटार', तीन मिनिटांपेक्षा कमी आहे. मग 1957 चं आणि 1978 चं 'गँगस्टर ऑफ लव्ह' एकापाठोपाठ. मग 'सुपरमॅन लव्हर', 1976 चं. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास ऐकूच येणार नाही आणि बासाशिवाय फंक म्हणजे शेंगाचटणीशिवाय कडक भाकरी. एलपी ऐकायची असेल तर गुरुवारी संध्याकाळी क्लासवर या. पहिल्या गाण्यात सुई उडते, तेव्हा पायानं धरलेला ठेका सोडू नका.